विनयची राहिलेली खेळी

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, अर्विंग नावाच्या गावी, एका घराच्या दिवाणखान्यात मी भिंतीवर टांगलेला आहे. कॅरम बोर्डाने आडवं असावं हे तुम्हा मुलांनाही ठाऊक आहे. उभा कॅरम बोर्ड म्हणजे नुसती फळी. घरी येणारे लोक माझ्याकडे बघून "काय सुंदर कल्पना आहे" म्हणतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो. पण राग येऊन मी करणार काय? मला तोंड नाही. निदान तुम्ही तरी माझी गोष्ट ऐकून घ्या.

माझा जन्म मुंबईबाहेरच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून माझं अंग घडवलं. मग ते घासलं, पुन्हा घासलं, पॉलिश चढवलं. रेघा आणि वर्तुळं काढून झाल्यावर एका कारागिराने माझ्या मधोमध काचेची गोटी ठेवली. गोटी जराही घरंगळली, तर बोर्ड बाद. माझ्यावर ठेवलेली गोटी जिथल्या तिथे राहिली. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण सपाटपणा सोडला तर कॅरम बोर्डाकडे मिरवण्यासारखं दुसरं आहे तरी काय?

तिथून मी जहाजाने अमेरिकेला आलो. सोबतीला पोह्यांची पोती, प्रेशर कुकर आणि हिंगाचे डबे होते. त्या हिंगाचा वास पुढे कितीतरी दिवस माझ्या अंगाला येत होता. अर्विंगमधल्या एका भारतीय दुकानात मला इडलीपात्रांच्या शेजारी उभं केलं. लोक यायचे, माझ्यावर टकटक करायचे, "लहानपणी किती खेळायचो ना" म्हणायचे आणि मेथीच्या जुड्या घेऊन निघून जायचे.

मग एक दिवस विनय आला. तो मूळचा नागपूरचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याने मला दुकानाच्या फरशीवरच आडवं ठेवलं, स्वतः पोटावर झोपला, गाल माझ्या काठाला लावला आणि एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर फिरवली. त्याची बायको शैलजा ट्रॉली धरून उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"विनय, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू दे. शैलू, तू पण बघ ना, काय सपाट आहे!"

कारखान्यातल्या त्या गोटीनंतर माझं कौतुक करणारा तो पहिलाच. मी त्याच क्षणी त्याचा झालो.

टेक्सासमधल्या घरांना वरच्या मजल्यावर खेळायची एक मोठी खोली असते. विनयच्या घरात ती खोली माझी झाली. शनिवारी दुपारी तिथे मंडळी जमायची. कुणी पुण्याचे, कुणी मुंबईचे, कुणी इंदूरचे. ऑफिसं वेगळी, वयं वेगळी, एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते असे लोक माझ्या चार बाजूंनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. बोरिक पावडरचा पांढरा सडा गालिच्यावर पडायचा आणि पांढरी पावलं जिन्यावरून थेट स्वयंपाकघरापर्यंत उमटायची. शैलजा कपाळाला हात लावायची.

"तुमचा कॅरम होतो आणि माझा व्हॅक्यूम," ती म्हणायची.

"तू पण ये ना एक डाव," विनय तिला दर वेळी बोलवायचा.

"आधी पोळ्या होऊ देत. मग बघू."

त्या पोळ्या कधी संपायच्या नाहीत. वर्षानुवर्षं ती चहाचा ट्रे घेऊन वर यायची, मिनिटभर उभी राहून बघायची आणि खाली जायची.

मित्रांनो, विनय फार मोठा खेळाडू नव्हता. राधिका नावाची एक मुंबईची बाई यायची, ती त्याला नेहमी धुऊन काढायची. पण समोरच्याने चांगला फटका मारला, की सगळ्यात मोठ्याने ओरडायचा तो विनयच. "अरे बाप रे, काय मारलं बे!" असं म्हणत तो मांडीवर थाप मारायचा आणि हरता हरता खूश व्हायचा. नवीन आलेल्या माणसाला तो आपल्या शेजारी बसवायचा. "बोटाने ढकलू नको, टिचकी मार," असं सांगत त्याची बोटं स्वतःच्या हाताने स्ट्रायकरवर नीट ठेवून द्यायचा. आणि उन्हाळा कितीही तापला, माणसं कितीही वाढली, तरी त्याने मला कधी गॅरेजमध्ये नेलं नाही. तिथल्या उष्णतेने लाकूड वाकतं, हे त्याला माहीत होतं.

त्याचा एकच नियम होता. मांडलेला डाव अर्धवट सोडायचा नाही. कुणाला मुलांना सॉकरवरून आणायला जायचं असेल, कुणाला ऑफिसचा कॉल आला असेल, तर त्याने खुशाल उठावं. पण त्याच्या जागी दुसऱ्याने बसायचं आणि त्याचा टर्न खेळायचा. त्या घरात माझ्याभोवतीची खुर्ची कधी रिकामी राहायची नाही. हा नियम लक्षात ठेवा. ज्यांनी तो ठेवायला हवा होता, ते विसरले.

शंतनू या मंडळीत सगळ्यात शेवटी आला. पुण्याचा तरुण मुलगा, व्हिसावर आलेला, आठवड्यातून एकदाच हसणारा. एका वर्षी त्याची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळवावी लागते, नाहीतर गाशा गुंडाळून परत जावं लागतं. शंतनू दिवसभर अर्ज करायचा आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने विनयकडे यायचा. विनयने त्याला "काय झालं, कुठे अर्ज केलास" असं काही विचारलं नाही. रोज ऑफिसातून आला, की जेवण बाजूला ठेवून तो शंतनूसमोर बसायचा आणि दोघं मुकाट्याने खेळायचे. विनय त्याच्याशी मुद्दाम हरला नाही. कितीतरी दिवस त्याने शंतनूला सपाटून हरवलं. मग एका संध्याकाळी शंतनू खरोखर जिंकला, तेव्हा विनय इतका ओरडला, की शैलजा हातातलं लाटणं घेऊन वर धावत आली. पुढे शंतनूला नोकरी मिळाली. "विनयदा नसता तर मी वेडा झालो असतो," असं तो राधिकाला म्हणाला होता. मी ऐकलं आहे.

माझे चांगले दिवस इथे संपले.

विनयला कॅन्सर झाला. औषधांनी केस गेले, वजन गेलं, पण त्याचं त्याला विशेष वाटलं नाही. त्याला खरं दुःख झालं ते बोटांचं. त्या औषधांनी त्याची बोटं बधिर झाली. स्ट्रायकरवर बोट ठेवलं आहे की नाही, हेच त्याला कळेना. टिचकी मारायला जायचा आणि स्ट्रायकर जागचा हलायचा नाही. मंडळी दुसरीकडे बघायची, कुणी पाणी प्यायला उठायचं. एका शनिवारी त्याने हात मांडीत घेतले आणि तो उठायला लागला.

तेव्हा शैलजाने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तू सांग. मी मारते."

त्या दिवसापासून ती त्याची बोटं झाली. तो कानाशी सांगायचा, "थोडं डावीकडे, जोर नको, नुसतं हळू." ती मारायची. पहिल्यांदा तिच्या टिचकीने स्ट्रायकर माझ्यावरून उडून गालिच्यावर पडला आणि विनय हसला. किती महिन्यांनी हसला होता! इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं माझ्यापाशी पहिल्यांदाच एकत्र बसत होती, आणि त्यासाठी त्याला इतकं आजारी पडावं लागलं. हे आठवलं की मला आजही रडू येतं.

शेवटचा डाव ती दोघं शंतनूशी खेळत होती. राणी विनयकडे आली होती. माझ्यावर शंतनूच्या दोन काळ्या सोंगट्या आणि विनयची एकच पांढरी उरली होती. ती पांढरी त्याच्याच बाजूच्या डाव्या खिशाजवळ, रेघेच्या मागे अडकली होती. तिला सरळ मारता येत नव्हतं. स्ट्रायकर समोरच्या काठावर आपटून उलटा यायला हवा होता. ती गेली, की डाव विनयचा.

"जमणार नाही मला," शैलजा म्हणाली.

"जमेल गं. माझी बोटं तूच आहेस ना आता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि स्ट्रायकर तसाच ठेवून दिला. अंग तापाने फणफणत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की ताप आला तर एक मिनिट थांबायचं नाही. शंतनूने गाडी काढली. जिन्याशी विनय थांबला आणि वळून म्हणाला, "डाव मोडू नका रे. टर्न माझा आहे."

"कुणी हात पण लावणार नाही, विनयदा," शंतनू म्हणाला. "प्रॉमिस."

विनय परत आला नाही.

अंत्यविधी झाले. घरात पाहुणे आले आणि गेले. मुलगी इला दूरच्या रेडमंड शहरातून आली होती, तीही परत गेली. मग एका दुपारी शैलजा एकटीच वर आली आणि त्याच्या खुर्चीवर बसली. तिने स्ट्रायकर रेघेवर ठेवला. बोट ताणलं. पण तिने बोट मागे घेतलं.

"आत्ता नको," ती हळूच म्हणाली. माझ्याशी म्हणाली, की त्याच्याशी, कोण जाणे. "नेम चुकला तर? अस्थी घेऊन नागपूरला चाललेच आहे. तुझ्या पुरुषोत्तमदादांकडून शिकून घेते. त्यांनीच तर तुला शिकवलं होतं. परत आले की तुझा टर्न मी खेळेन. तुझा डाव मी अर्धा नाही ठेवणार."

तिने विनयचा स्ट्रायकर पर्समध्ये टाकला आणि ती गेली. त्या घरात एवढ्या माणसांनी एवढं सांत्वन केलं होतं, पण ती पुढचे दिवस कशाच्या आधाराने काढणार आहे, हे फक्त मला माहीत होतं.

घराची किल्ली शंतनूकडे होती. तो झाडांना पाणी घालायला यायचा आणि न चुकता वर येऊन मला बघून जायचा. एकदा एसी दुरुस्त करणारा माणूस माळ्यावर चढताना माझ्या टेबलाला धडकला आणि पांढरी सोंगटी तसूभर सरकली. शंतनूचं धाबं दणाणलं. त्याने फोनमध्ये त्या दिवशीचा फोटो काढून ठेवला होता. तो बघून बघून त्याने सोंगटी जागेवर आणली. मग सोंगट्या पुन्हा हलू नयेत म्हणून काय करावं, हे विचारायला तो राधिकाला घेऊन आला.

"टेप लावून बघ," राधिका म्हणाली.

"टेप अग्ली दिसते यार. नीट करू या. ग्लू लावू, सोंगट्या कायमच्या फिक्स करू. मग खाली हॉलमध्ये, सोफ्याच्या वर लावू. वहिनी येतील तेव्हा सरप्राईज."

"शैलजाला विचारू या का एकदा?"

"तिथे माणसं, विधी, सगळं चालू असेल. त्यांना कशाला त्रास? आणि मी विनयदाला प्रॉमिस केलंय. कुणी हात लावणार नाही म्हणून."

मग राधिकानेही मान डोलावली.

मित्रांनो, मी ओरडत होतो. नको रे शंतनू, ती खेळायला येणार आहे. तुझ्याच विनयदाचा नियम विसरलास का? उठलेल्याच्या जागी दुसरा बसतो. पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? त्याने स्ट्रायकर शोधला. तो सापडला नाही. "वहिनींनी आठवण म्हणून नेला असेल," तो म्हणाला. इतक्या जवळ येऊनही त्याला खरं उमगलं नाही. त्याने दातकोरण्याच्या टोकाने एकेका सोंगटीखाली गोंद लावला, ती फोटोत होती तिथे ठेवली आणि दाबून धरली. ते करताना तो रडत होता. त्याचे अश्रू माझ्यावर पडत होते आणि तो ते सदऱ्याच्या बाहीने पुसत होता. त्या पोराच्या हातात इतकं प्रेम होतं, की मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मी हताश झालो, एवढंच.

शैलजा आली त्या दिवशी मंडळींनी तिचा फ्रिज भरून ठेवला होता. वरण-भाताचा कुकर लावला होता. शंतनू तिला विमानतळावरून घेऊन आला आणि सगळे माझ्याखाली उभे राहिले. माझ्या काठावर पितळेची पट्टी होती, 'विनयचा शेवटचा डाव'.

शैलजाने वर पाहिलं. तिच्या लक्षात यायला वेळ लागला. उभ्या बोर्डावरून सोंगट्या पडत कशा नाहीत, हे तिला कळलं तेव्हा तिचा हात पर्सच्या चेनवर गेला होता. तो तिथेच थांबला. मी तिचा चेहरा बघत होतो. त्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं आणि ते अजून परत आलेलं नाही.

"वहिनी, आवडलं?" शंतनूने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते.

"छान केलंत," ती म्हणाली. "किती मेहनत घेतलीत रे."

शंतनू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळ्यांना वाटलं, तिच्या मनासारखं झालं.

ती काही दिवस माझ्याकडे बघायचं टाळत होती. मग एका सकाळी तिने मला धडपडत भिंतीवरून उतरवलं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. केवढं बरं वाटलं मला! तिने सुरी आणली आणि पांढऱ्या सोंगटीखाली टोक घालून पाहिलं. सोंगटी सुटली नाही. माझंच पॉलिश निघालं आणि त्याखालचं लाकूड उकललं. ती घाबरली आणि तिने सुरी टाकून दिली. त्याच वेळी इलाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, व्हॉट आर यू डुइंग? आर यू ओके?"

"मी नागपूरला रोज दुपारी प्रॅक्टिस केली गं," शैलजा म्हणाली. "दादा शिकवायचे. तो शॉट बसायला लागला होता. बाबाचा टर्न राहिलाय."

"ओह, आई." इला म्हणाली, "नवीन बोर्ड ऑर्डर करू या ना. सेम पोझिशन लावू. इट्स ओके."

"त्या बोर्डाला बाबाचा हात लागलेला नसेल ना, बाळा."

फोन ठेवल्यावर तिने पर्समधून पावडरची पुडी आणि विनयचा स्ट्रायकर काढला. माझ्यावर पावडर टाकली, तळहाताने पसरली. किती दिवसांनी! तिने स्ट्रायकर रेघेवर ठेवला. नेम धरताना तिचे ओठ हलत होते. "थोडं डावीकडे. जोर नको," असं ती म्हणत होती. आणि तिने टिचकी मारली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ फटके पाहिले, राधिकाचेही पाहिले. असा फटका पाहिला नाही. स्ट्रायकर समोरच्या काठावर आपटला, माझ्या अंगावरून सरसरत उलटा आला आणि बरोबर जिथे लागायला हवा तिथे पांढऱ्या सोंगटीला लागला. नेम अचूक होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बोर्डावर ती सोंगटी खिशात गेली असती.

सोंगटी हलली नाही.

तिने पुन्हा मारला. पुन्हा नेम बसला. मग तिने माझ्या काठावर डोकं टेकलं आणि ती खूप वेळ तशीच बसून राहिली.

त्यानंतर तिने पावडर पुसली, सुरीने उकललेल्या जागेवर तपकिरी खडू चोळला आणि मला परत भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शंतनू येणार होता. त्याला यातलं काहीही कळू नये, म्हणून तिने हे केलं.

शनिवारी मंडळी अजून येतात, पण थोडी. माझ्याखाली बसून चहा पितात. राधिकाने एकदा नवा बोर्ड आणायचं काढलं, तेव्हा शंतनू म्हणाला, "विनयदाशिवाय नको वाटतं यार." तो विषय तिथेच संपला. आता तर कपबशा भरायच्या आत लोक घड्याळं बघतात. वरची खोली बंद असते. गालिचा स्वच्छ आहे. शैलजाला व्हॅक्यूम करावा लागत नाही. मला वाटतं, थोड्या दिवसांनी येणंही थांबेल.

मित्रांनो, माझं आयुष्य संपल्यात जमा आहे, पण तुमच्या घरात पुष्कळ वस्तू आहेत आणि माणसं कधी ना कधी जातातच. तुमचं कुणी गेलं, तर त्याची वस्तू जरूर जपा, पण ती वापरून जपा. त्याची सायकल चालवा. त्याच्या पेटीवर सूर धरा, चुकले तरी धरा. आणि त्याच्या नावाने काही करायचं मनात आलं, तर ज्याचं माणूस गेलं आहे त्याला आधी विचारा. त्याला त्रास होईल म्हणून गप्प राहू नका. शैलजाला कुणी एका शब्दाने विचारलं असतं, तर त्या सकाळी विनयचा डाव पुरा झाला असता आणि मी रिकामा झालो असतो. रिकाम्या बोर्डावर पुन्हा सोंगट्या मांडता येतात. माझ्यावर आता कुणालाच काही मांडता येत नाही.